पनवेल ते कन्याकुमारी : आधी वहीत, मग रस्त्यावर

समजा तुमची ताई शिक्षण संपवून नोकरीला लागली आहे. साठवलेल्या पगारातून तिने १२५ सी.सी.ची एक मोटरसायकल घेतली आहे. आणि एका रात्री जेवताना ती सहज सांगावे तसे सांगून टाकते, "जानेवारीत मी मोटरसायकलवरून कन्याकुमारीला जाणार आहे."

पुढे काय होईल याची कल्पना तुम्ही करू शकता. आजीचा घास हातातच राहील. बाबा "बघू" म्हणतील. आई काहीच बोलणार नाही, आणि ते सर्वांत वाईट! अशा वेळी ताईच्या बाजूने किंवा विरुद्ध नुसते मत देऊन काही उपयोग नाही. प्रवास धोक्याचा आहे का, या प्रश्नाला "हो" किंवा "नाही" असे उत्तर नसतेच. किती वेगाने, कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी, किती सामान घेऊन, असे विचारले म्हणजे उत्तर सापडू लागते. गिअरची मोटरसायकल चालवण्याचा परवाना वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही, तेव्हा तुम्हाला स्वतःला जाता येणार नाही. पण या प्रवासाचा आराखडा तुम्ही करू शकता. नववी-दहावीच्या गणित-विज्ञानापलीकडचे त्यात फारसे काही नाही. एक शंभर पानी वही, पेन्सिल आणि नकाशा घ्या.

रस्ता आणि ऋतू

पनवेलहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ थेट कन्याकुमारीला पोचतो. २०१० साली महामार्गांना नवे क्रमांक मिळाले; त्यापूर्वी यातील मोठा भाग "सतरा नंबर" म्हणून ओळखला जाई आणि जुनी माणसे अजूनही तसेच म्हणतात. पेण, महाड, खेड, चिपळूण, राजापूर, कणकवली, मग गोवा, कारवार, कुमटा, भटकळ, उडुपी, मंगळूर, कासरगोड, कण्णूर, कोझिकोड, आलप्पुळा, कोल्लम, तिरुवनंतपुरम, नागरकोइल ही त्यावरची किंवा त्याच्या जवळची ओळखीची नावे. लांबी सुमारे १,६०० कि.मी. पनवेल आणि कन्याकुमारी यांच्यातले सरळ रेषेतले अंतर सुमारे १,३०० कि.मी. भरते. वरचे ३०० कि.मी. खाड्या, डोंगर आणि वळणे यांनी घेतले.

पहिल्या लांब प्रवासाला हा रस्ता मला पसंत आहे. हल्ली अनेकांच्या डोळ्यांसमोर एकदम लेह-लडाख येते. पण तिथे थंडी, विरळ हवा आणि निर्मनुष्य रस्ता अशा तिन्ही परीक्षा एकाच वेळी द्याव्या लागतात. आपल्या रस्त्यावर दर काही किलोमीटरवर वस्ती आहे, पंक्चर काढणारा आहे, दवाखाना आहे. परीक्षा इथेही आहे, पण ती एकेका विषयाची आहे.

या रस्त्यावर ऋतू चुकला तर मात्र सारेच चुकते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. दोन एस.टी. गाड्या आणि इतर वाहने पाण्यात गेली. ७ ऑगस्ट २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर कारवारजवळ काळी नदीवरचा जुना पूल कोसळला आणि एक मालमोटार नदीत पडली. तिच्या चालकाला वाचवण्यात यश आले. या दोन घटनांमध्ये आठ वर्षांचे अंतर आहे. पण दोन्ही ऑगस्टमधल्या आहेत आणि दोन्ही रात्रीच्या आहेत. पावसाळ्यात नदीचा वेग वाढतो. वेग दुप्पट झाला की पाण्याचा दाब चौपट होतो, आणि वेगवान पाणी पुलाच्या खांबांच्या पायथ्याची वाळू-माती उकरून नेऊ शकते. वरून पाहणाऱ्याला त्यातले काही दिसत नाही. रात्री तर पूल जागेवर आहे की नाही हेसुद्धा दिसत नाही.

म्हणजे पावसाळा वगळायचा. पण कोणता पावसाळा? आपल्याला जून ते सप्टेंबर एवढाच माहीत. केरळच्या दक्षिण टोकाला आणि तामिळनाडूला ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ईशान्येकडून येणाऱ्या वाऱ्यांचा दुसरा पावसाळा असतो. ३० नोव्हेंबर २०१७ ला ओखी हे चक्रीवादळ कन्याकुमारीच्या जवळच घोंघावत होते. दिवाळीच्या सुट्टीत निघालेला माणूस कोकणातून कोरडा जाईल आणि नागरकोइलला चिंब भिजेल! मार्चपासून उन्हाचा तडाखा सुरू होतो. सगळे वजा जाता जानेवारी आणि फेब्रुवारी उरतात. ताईने जानेवारी निवडला तो योगायोगाने असेल, पण निवड बरोबर आहे.

सरासरी फसवते

आता दिवसाला किती अंतर कापायचे? ताई म्हणेल, "ताशी ६० ने गेले तर दहा तासांत ६००. तीन दिवसांत कन्याकुमारी!" हे गणित कागदावरसुद्धा चुकीचे आहे.

समजा एका दिवसात १८० कि.मी. जायचे आहे. त्यातले ९० कि.मी. चांगल्या रस्त्यावर ताशी ६० ने आणि उरलेले ९० कि.मी. घाट, गावे आणि रस्त्याची कामे यांमधून ताशी ३० ने. सरासरी वेग किती? बहुतेकजण ६० आणि ३० यांची बेरीज करून निम्मे करतात आणि ४५ म्हणतात. पण पहिल्या भागाला दीड तास लागला, दुसऱ्याला तीन. एकूण साडेचार तासांत १८० कि.मी., म्हणजे ताशी ४०. याचे कारण असे की सावकाश भागात आपण जास्त वेळ असतो, त्यामुळे सरासरीवर त्याचा प्रभाव जास्त पडतो. शिवाय चहा, जेवण, पेट्रोल, वाट विचारणे आणि पाठ मोकळी करणे यांचे दोन तास धरा. साडेसहा तासांत १८० कि.मी. म्हणजे ताशी २८ सुद्धा पुरते भरत नाहीत!

तेव्हा दिवसाला २०० कि.मी. पुरेत. असे आठ दिवस, आणि मध्ये कुठेतरी एक-दोन दिवस राखीव. राखीव दिवस हा आळस समजू नका. तो नसेल तर एका दिवसाचा उशीर भरून काढण्यासाठी माणूस दुसऱ्या दिवशी अंधारात गाडी हाकतो.

अंधारापूर्वी मुक्कामाला पोचायचे हा वहीतला पहिला नियम. म्हणून दिवस किती मोठा आहे हेही पाहायला हवे. डिसेंबरच्या अखेरीस पनवेलला सूर्योदय ते सूर्यास्त सुमारे ११ तास असतो. कन्याकुमारी विषुववृत्ताच्या पुष्कळच जवळ, ८ अंश अक्षांशावर आहे. तिथे त्याच दिवशी सुमारे ११ तास ४० मिनिटे उजेड असतो. दक्षिणेला जावे तशी ४० मिनिटांची भेट मिळते. पण ही भेट कोणत्या वेळी मिळते ते पहा. दिवस ४० मिनिटांनी मोठा, म्हणजे सूर्योदय २० मिनिटे आधी आणि सूर्यास्त २० मिनिटे नंतर व्हायला हवा. पण कन्याकुमारी पनवेलच्या जवळजवळ साडेचार अंश पूर्वेला आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात, तेव्हा तिथली मध्यान्ह आपल्यापेक्षा १८ मिनिटे आधी होते, आणि घड्याळ मात्र देशभर एकच! सकाळी २० आणि १८ यांची बेरीज होते, संध्याकाळी वजाबाकी. सूर्य ३८ मिनिटे लवकर उगवतो, पण मावळतो जवळजवळ पनवेलच्याच वेळी. सगळी भेट सकाळी मिळते. केरळात पोचल्यावर ताईने गजर अर्धा तास आधी लावावा.

थांबायला किती जागा लागते?

हा भाग आईला दाखवायचा आहे, तेव्हा अक्षर नीट काढा.

रस्त्यावर अचानक गाय आली. ताईच्या डोळ्यांनी ती पाहिली, मेंदूने ठरवले, हात-पाय ब्रेकवर गेले. एवढ्याला समजा एक सेकंद लागला. या सेकंदात गाडीचा वेग तिळमात्र कमी होत नाही. ताशी ६० कि.मी. म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, तेव्हा जवळजवळ १७ मीटर असेच गेले. मग ब्रेक लागले. कोरड्या रस्त्यावर सरावाच्या चालकाचा वेग दर सेकंदाला ६ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होतो असे धरू. ब्रेक लागल्यानंतरचे अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले मंदनाची दुप्पट. १६.७ चा वर्ग २७८, भागिले १२, म्हणजे २३ मीटर. एकूण ४० मीटर.

आता ताशी ८० ने हेच करा. सेकंदाला २२.२ मीटर. पहिल्या सेकंदाचे २२ मीटर, आणि ब्रेकचे ४१. एकूण ६३ मीटर. वेग एक तृतीयांशाने वाढला, अंतर मात्र दीडपटीहून जास्त झाले, कारण ब्रेकचे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते.

पण याहून चमत्कारिक गोष्ट पुढे आहे. गाय बरोबर ४० मीटरवर उभी आहे असे समजा. ताशी ६० ने येणारी गाडी गायीच्या पुढ्यात थांबली. ताशी ८० ने येणारी गाडी गायीपाशी येईल तेव्हा तिचा वेग किती असेल? "असेल वीस-पंचवीस" असे तुम्हाला वाटेल. गणित करून पाहू. पहिले २२ मीटर विचारात गेले. उरलेल्या १८ मीटरांत वेगाचा वर्ग २ गुणिले ६ गुणिले १८, म्हणजे २१६ ने कमी होईल. मुळात वर्ग ४९४ होता, उरला २७८. त्याचे वर्गमूळ १६.७. म्हणजे ताशी ६० कि.मी.! जिथे पहिली गाडी उभी राहिली, तिथे दुसरी अजून ताशी ६० ने धावते आहे. वीस किलोमीटरची चैन किती महाग पडते पहा.

ओल्या रस्त्यावर ब्रेकची शक्ती निम्मी झाली तर ताशी ६० च्या गाडीलाही ६३ मीटर लागतील. दमलेल्या माणसाला विचार करायला एकाऐवजी दोन सेकंद लागले तर आणखी १७ मीटर वाढतील. आणि रात्री? डिपरवर गाडीच्या दिव्याचा कामाचा उजेड समजा ४० मीटर पडतो. म्हणजे ताशी ६० ने जाताना गाय दिसते तेव्हा जेमतेम थांबण्याइतकीच जागा उरलेली असते. त्यात समोरून मालमोटारीचा झगझगीत झोत डोळ्यांत गेला की बाहुल्या आकसतात, आणि ती गाडी निघून गेल्यावरही काही क्षण डोळ्यांना पुढचे दिसत नाही. अंधाराचा नियम आजीने केला म्हणून पाळायचा नसतो, तो वर्गाच्या सूत्रातून निघतो.

पुढच्या ब्रेकविषयी एक गैरसमज फार पसरला आहे. तो दाबला की माणूस पुढे फेकला जातो, म्हणून मागचाच वापरावा, असे पुष्कळजण सांगतात. एस.टी.ने ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे झुकतात, हे तुम्ही पाहिले आहे. मोटरसायकलचेही तसेच होते. ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होते. ज्या चाकावर भार जास्त त्याची रस्त्यावरची पकडही जास्त. तेव्हा गाडी थांबवण्याचे बरेचसे काम पुढचेच चाक करते. फक्त तो झटक्याने नाही, तर दाब वाढवत नेऊन, गाडी सरळ असताना लावायचा असतो. ताईने निघण्यापूर्वी दोन-तीन रविवार मोकळ्या मैदानात हा सराव करावा. तुम्ही टेप घेऊन अंतर मोजा आणि वहीत लिहा; वरच्या ४० मीटरांपेक्षा तिचा आकडा वेगळा येईल, आणि तोच खरा.

वळणे

कोकणातले घाट वळणांसाठी प्रसिद्ध आहेत. वळणावर मोटरसायकल आतल्या बाजूला कलावी लागते. किती? कलण्याच्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या आणि गुरुत्वीय त्वरण यांचा गुणाकार. त्रिज्या २० मीटर धरा, गुरुत्वीय त्वरण १०. ताशी ३६ कि.मी., म्हणजे सेकंदाला १० मीटर वेग असेल तर १०० भागिले २००, म्हणजे ०.५. कोन सुमारे २७ अंश. हे जमण्याजोगे आहे. ताशी ५४ ने गेलात तर २२५ भागिले २००, म्हणजे १.१ च्या वर. कोन ४८ अंश! इथे टायरचे घर्षणच अपुरे पडते. हा भागाकार रस्ता आणि टायर यांच्यातल्या घर्षणांकापेक्षा मोठा झाला की गाडी सरकते, आणि कोरड्या डांबरी रस्त्याचा घर्षणांक साधारण ०.८ धरतात. जांभ्याची लाल माती किंवा बारीक खडी रस्त्यावर पसरली असेल तर तो ०.३ इतकाही उतरेल. मग त्याच वळणावर वेगाची मर्यादा ताशी २८ कि.मी. वर येते.

या सूत्रात गाडीचे वजन कुठेच आले नाही, हे लक्षात आले का? हलकी गाडी असो की भारी, मर्यादा तीच. "माझी गाडी दणकट आहे, ती वळणावर धरून राहते" हे बोलणे पोकळ आहे. वळण सुरू होण्यापूर्वीच वेग कमी करायचा, एवढाच त्यातला अर्थ.

पोलादपूर आणि खेड यांच्यामध्ये कशेडी घाटाच्या पोटातून आता बोगदा झाला आहे. लख्ख उन्हातून आत शिरताना डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. काळा चष्मा असेल तर तो आधीच काढलेला बरा.

पेट्रोल कुठे जाते?

ताईची गाडी लिटरला ५० कि.मी. जाते असे धरू. १,६०० कि.मी.ला ३२ लिटर. टाकी ११ लिटरची. या रस्त्यावर पंप पुष्कळ आहेत, तेव्हा टाकी निम्मी झाली की भरायची एवढा नियम पुरे. डबा बरोबर नेण्याचे कारण नाही. सगळीकडे असे नसते बरे का! हिमाचल प्रदेशात मनाली-लेह रस्त्यावर टांडी येथील पंपावरची "पुढचा पंप ३६५ कि.मी.वर" अशा अर्थाची पाटी प्रसिद्ध झाली होती. चढणीवर लिटरला ३५ कि.मी. मिळाले तर ३६५ कि.मी.ला साडेदहा लिटरच्या आसपास लागतील. अकरा लिटरच्या टाकीत उरले किती?

आता वेगाचा खर्च पहा. अशा गाडीला ताशी ६० ला हवेचा विरोध अंदाजे १०० न्यूटन आणि चाकांचा ४० न्यूटन होतो. एकूण १४०. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ताशी ९० ला तो २२५ होईल. चाकांचे ४० धरून २६५. दर किलोमीटरला करायचे काम जवळजवळ दुप्पट झाले. पेट्रोल अगदी दुप्पट लागणार नाही, कारण भार वाढला की इंजिनाची कार्यक्षमता थोडी सुधारते. पण वाढ चांगलीच जाणवेल. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३ कोटी २० लाख ज्यूल ऊर्जा असते. ५० कि.मी. वर वाटली तर दर किलोमीटरला ६ लाख ४० हजार ज्यूल. त्यातले रस्त्यावर उपयोगी पडले १ लाख ४० हजार, म्हणजे २२ टक्के. बाकीची उष्णता होऊन इंजिनाच्या पंख्यांवाटे आणि धुरांड्यातून निघून गेली. मागच्या सीटवर सामानाचा उंच डोंगर रचला तर हवेला अडणारे क्षेत्रफळ वाढते आणि हा हिशेब आणखी बिघडतो. सामान कमी, आणि जड वस्तू खाली व मध्यभागी ठेवा. हत्यारे आणि पाण्याच्या बाटल्या कॅरिअरच्या टोकाला बांधल्या की मागचे चाक टेकू होते, तरफेप्रमाणे पुढचे चाक हलके होते आणि हॅंडल भिरभिरते.

सर्व सामान बांधून एकदा १०० आणि एकदा २०० कि.मी.ची फेरी मारून यावे. कोणता पट्टा सैल होतो, कोणती पिशवी उगाच घेतली, हे घरी कळत नाही.

हवा, चेन आणि हेल्मेट

टायरमधली हवा सकाळी, गाडी गार असताना पाहायची. समजा गाडीच्या पुस्तिकेत २८ पौंड लिहिले आहे. दुपारी चालत्या गाडीची हवा मोजली तर ३२ भरते. "जास्त झाली" म्हणून काही जण ती सोडून देतात. वायूचा नियम आठवा. सकाळी हवेचे तापमान २७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०० केल्व्हिन. धावून टायर तापले आणि आतली हवा ५७ अंशांवर, म्हणजे ३३० केल्व्हिनवर गेली. तापमान दहा टक्क्यांनी वाढले, तेव्हा दाबही दहा टक्क्यांनी वाढणार. पण मीटर दाखवतो तो वातावरणाच्या वरचा दाब. वातावरणाचे १५ मिळवून २८ चे ४३ झाले. दहा टक्के वाढून ४७. त्यातून १५ वजा करा, ३२! हवा जास्त झालेली नाही, ती तापलेली आहे. ती सोडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर मऊ पडेल. मऊ टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटण्याची भीती वाढते.

चेनला रोज संध्याकाळी तेल हवे. चेन "ताणली" असे आपण म्हणतो, पण पोलाद काही रबरासारखे ताणत नाही. प्रत्येक कडीची खीळ झिजते. ११० कड्या असतील आणि प्रत्येक ठिकाणी केसाच्या जाडीएवढी, ०.१ मिलिमीटर झीज झाली तर चेन ११ मिलिमीटरने लांब होते.

हेल्मेटविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे. कायद्याने ते सक्तीचे आहेच. दंड टाळण्यासाठी कसलेतरी टोपले डोक्यावर ठेवणारेही पुष्कळ आहेत. आत काय असते ते समजले तर असे कोणी करणार नाही. नुसते १.८ मीटर उंचीवरून डोके रस्त्यावर आपटले तर आपटतानाचा वेग सेकंदाला ६ मीटर असतो. हा वेग शून्यावर यायला जागा किती मिळते, यावर सारे अवलंबून आहे. उघडे डोके डांबरावर आपटले आणि ३ मिलिमीटरमध्ये थांबले असे धरा. वेगाचा वर्ग ३६, भागिले अंतराची दुप्पट ०.००६ मीटर, म्हणजे ६,०००; गुरुत्वीय त्वरणाच्या ६०० पट! कवटीतला मेंदू हे सहन करू शकत नाही. हेल्मेटच्या कठीण कवचाच्या आत थर्माकोलच्या जातीचाच, पण अधिक घट्ट असा जाड थर असतो. तो चुरडतो आणि डोक्याला थांबायला समजा २.५ सेंटिमीटर मिळतात. ३६ भागिले ०.०५, म्हणजे ७२०. फक्त ७२ पट. दोन-अडीच सेंटिमीटरच्या त्या थराने धक्का आठव्या हिश्श्याहून खाली आणला. हे काम तो चुरडूनच करतो आणि एकदा चुरडला की पुन्हा फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेले हेल्मेट वरून धडधाकट दिसले तरी टाकून द्यायचे. आय.एस. ४१५१ हा आकडा आणि आय.एस.आय.ची खूण पाहून घ्यावे, आणि हनुवटीचा पट्टा बांधावा. पट्टा सोडलेले हेल्मेट आपटण्यापूर्वीच निघून जाते.

ताईच्या इंजिनाचे काय?

तहान हा फसवा प्रकार आहे. एक लिटर घामाचे पूर्ण बाष्पीभवन झाले तर शरीरातली सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता जाते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरात सेकंदाला साधारण १०० ज्यूल उष्णता तयार होते. म्हणजे ही जवळजवळ पावणेसात तासांची झाली. किनाऱ्यावर हवा दमट असल्याने उभ्या माणसाचा घाम वाळत नाही, नुसता गळतो. मोटरसायकलवर उलट होते. वारा घाम लगेच वाळवतो, अंग कोरडे राहते आणि "मला घामच आला नाही" असे वाटते. पाणी तर गेलेले असते! तहान लागो न लागो, दर थांब्यावर पाणी प्यावे. मिठाचे कोकम सरबत किंवा शहाळे या रस्त्यावर जागोजाग मिळते. लघवी गडद पिवळी होऊ लागली तर पाणी कमी पडते आहे असे समजावे.

झोपेची गोष्ट याहून गंभीर आहे. जेवणानंतर, साधारण दोन ते चारच्या दरम्यान शरीराच्या घड्याळात सुस्तीची वेळ असते. तीन सेकंदांची एक डुलकी, आणि ताशी ६० ने ५० मीटर डोळे मिटून गेले. यावर चहा, गाणे, गालावर पाणी हे उपाय थोडा वेळ चालतात. खरा उपाय एकच : गाडी सावलीत लावून वीस मिनिटे आडवे होणे. वहीत रोज दुपारी अर्धा तास यासाठी धरून ठेवा. त्या अर्ध्या तासात कोणी फोन करायचा नाही, हेही घरच्यांना सांगा.

नियोजन कितीही केले तरी काहीतरी राहतेच. १९०३ साली जॉर्ज वायमन नावाचा अमेरिकन तरुण सॅन फ्रान्सिस्कोहून मोटर लावलेल्या सायकलीवर न्यूयॉर्कला निघाला. १६ मे रोजी निघून तो ६ जुलैला पोचला. वाटेत धड रस्ते नव्हते, म्हणून कित्येक मैल तो रेल्वेच्या रुळांमधून, स्लीपरांवरून धक्के खात गेला. न्यूयॉर्क दीडशे मैलांवर राहिले असता इंजिनाने मान टाकली. गाडीला पायडल होते म्हणून उरलेले अंतर त्याने पायांनी कापले! ताईच्या गाडीला पायडल नाही. तिचे पायडल म्हणजे राखीव दिवस, थोडे राखीव पैसे आणि परतीचा बेत. परतीला गाडी रेल्वेने पार्सल करता येते. तसे करणार असाल तर टाकी रिकामी करून द्यावी लागते, तेव्हा शेवटच्या पंपावर ती भरू नका. परवाना, गाडीचे नोंदणीपत्र, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र यांच्या प्रती एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि दुसरा संच घरी.

आता वहीचे शेवटचे पान. ते फाडून घरातल्या फोनजवळ चिकटवायचे आहे. त्यावर दहा ओळी आखा : तारीख, सकाळी निघण्याचे गाव, मुक्कामाचे गाव, राहण्याच्या जागेचा दूरध्वनी, पोचण्याची वेळ. पोचण्याची वेळ कुठेही संध्याकाळी साडेपाचच्या पुढे जाऊ देऊ नका. ताईने दिवसातून दोनदाच फोन करायचा, दुपारी थांबल्यावर आणि मुक्कामाला पोचल्यावर; चालत्या गाडीवर फोन घ्यायचा नाही, म्हणून घरून कोणी मध्येच करायचाही नाही. साडेपाचला फोन आला नाही तर साडेसहापर्यंत काळजी करायची नाही, कारण एक तासाचा उशीर पंक्चरमुळेही होतो. साडेसहाला आपण करायचा. लागला नाही तर सात वाजता मुक्कामाच्या जागी करायचा. आठपर्यंत तिथेही पत्ता नसेल तर बाबांनी त्या भागातल्या पोलिसांना कळवायचे. ताईला स्वतःला मदत लागली तर तिने ११२ फिरवायचा. प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस नियंत्रण कक्षाचा आकडा आधीच शोधून त्या त्या ओळीपुढे लिहून ठेवा. हे सगळे आईसमोर बसून लिहा, आणि साडेसहाची वेळ तिला हवी असेल तर सहा करा.